सहाराच्या डोंगरात गायी कुठून आल्या?

सप्टेंबर २०२४ मध्ये मोरोक्कोच्या दक्षिण भागात पावसाने कमाल केली. टागुनाइट नावाच्या गावात चोवीस तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं आणि जवळजवळ पन्नास वर्षं कोरडंठाक असलेलं इरिकी नावाचं तळं भरलं. खजुरांच्या बुंध्याशी पाणी आणि मागे वाळूच्या टेकड्या, असे फोटो जगभर फिरले. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही फिरले, आणि फिरता फिरता त्यांच्याखालचा मजकूर वाढत गेला: सहारा पुन्हा हिरवा होतोय, तो आधीही हिरवाच होता, पुरावा म्हणून डोंगरातली ही गायींची चित्रं बघा, तेव्हा हवामान बदल वगैरे सगळं थोतांड आहे.

यातलं पहिलं विधान घाईचं आहे, दुसरं खरं आहे आणि शेवटचं साफ चुकीचं. गंमत अशी की खऱ्या विधानाच्या तपशिलात शिरलं की चुकीचं विधान का चूक आहे तेही कळतं. म्हणून सुरुवात त्या गायींच्या डोंगरापासूनच करू.

सहारा म्हणजे नुसती वाळू नव्हे

सिनेमांमुळे आपल्या डोक्यात सहारा म्हणजे वाळूचा समुद्र. प्रत्यक्षात त्याचा साधारण पाव भागच वाळूने झाकलेला आहे. बाकी सगळा कातळ, खडी, उघडी पठारं आणि डोंगर. अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, लिबिया आणि नायजरच्या सीमांना लागून असंच एक पठार आहे, तासिली नाज्जेर. युनेस्कोने १९८२ मध्ये ते जागतिक वारसा यादीत घेतलं. संरक्षित क्षेत्र सुमारे ७२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पाव महाराष्ट्र. पायथ्याचं गाव जानेत. हे गाव जवळपास उदयपूरच्याच अक्षांशावर येतं. मात्र उदयपूरला तलाव आहेत आणि जानेतला वर्षाकाठी तीस मिलिमीटरही पाऊस होत नाही. आपल्याकडे आषाढातला एक बरा दिवस त्याहून जास्त देऊन जातो.

पठार वालुकाश्माचं आहे. वालुकाश्म म्हणजे वाळूचे थर दाबले जाऊन झालेला खडक. इथला बराचसा खडक ४५ कोटी वर्षांच्या आसपासचा. वारा, पाणी आणि दिवसरात्रीच्या तापमानातला फरक यांनी तो इतका कोरला आहे की काही ठिकाणी नुसते सुळकेच उभे आहेत, मधून गल्ल्या गेल्या आहेत आणि वाटाड्याशिवाय शिरलेल्या माणसाला बाहेर पडणं मुश्कील व्हावं. सुळक्यांच्या बुडाशी खडक आत खाल्ला गेला आहे आणि वर छप्पर राहिलं आहे. ऊन-पाऊस चुकवायला तयार निवारे. चित्रं सापडतात ती बहुतेक या छपरांखालीच.

याच खडकात एक वेगळीच खूण आहे. काही ठिकाणी कातळावर लांबच लांब समांतर ओरखडे दिसतात. ते हिमनदीचे आहेत. हो, सहारात. सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेचा हा भाग दक्षिण ध्रुवाजवळ होता आणि बर्फाच्या जाड थराने सरकता सरकता खालचा तळ खरवडून काढला होता. त्या काळाचा गायींशी काही संबंध नाही, पण ‘वाळवंट हे पहिल्यापासून वाळवंटच असतं’ हा समज सोडायला हे ओरखडे पुरेसे आहेत.

पाणी अगदीच नाही असंही नाही. खोल घळींमध्ये, जिथे ऊन फारसं पोचत नाही, तिथे खडकातले डोह टिकून आहेत. स्थानिक भाषेत त्यांना गेल्टा म्हणतात. तासिलीतल्या अशा डोहांमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मगरी होत्या. कुठल्याही नदीपासून शेकडो किलोमीटर दूर, वाळवंटाच्या मधोमध मगरी! तासिलीतल्या संपल्या, पण चाड देशातल्या एनेदी डोंगरात आर्शेई नावाच्या डोहात अजून थोड्या आहेत. एवढं वाळवंट चालून त्या तिथे आल्या असण्याची शक्यता शून्य. नद्या-तळी एकमेकांना जोडलेली होती तेव्हा त्या आल्या आणि पाणी आटत गेलं तशा डोहात अडकल्या.

झाडांमध्येही असाच एक अडकलेला प्रवासी आहे, तारूत नावाचा सरू. जगात नैसर्गिकरीत्या तो फक्त याच पठारावर वाढतो. मोजदाद झाली तेव्हा जिवंत झाडं भरली २३३. त्यातली काही दोन हजार वर्षांहून जुनी असल्याचं मानतात. जुनी झाडं मुळं खोलवर गेल्यामुळे तगून आहेत, रोप मात्र जवळजवळ दिसतच नाही, कारण रुजायला जी ओल लागते ती आता वर उरलेली नाही. या झाडाची आणखी एक विचित्र सवय आहे: त्याच्या बीमधला गर्भ निव्वळ परागकणापासून तयार होतो, मादीकडून जनुकं येतच नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञांनाही हे २००१ च्या सुमारास कळलं.

दगडावर काय काय आहे

तासिलीत पंधरा हजारांहून जास्त चित्रं आणि कोरीव आकृत्या नोंदलेल्या आहेत. रंगवलेली चित्रं मुख्यतः लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगात. लाल म्हणजे आपली काव किंवा गेरू, लोहयुक्त माती. पांढऱ्यासाठी पांढरी चिकणमाती. कोरलेल्या आकृत्या दगडाने ठोकून काढल्या आहेत आणि काही ठिकाणी रेघ पुन्हा घासून गुळगुळीत केली आहे.

अभ्यासक या सगळ्याचे ढोबळ टप्पे पाडतात. सगळ्यात जुन्या मानल्या जाणाऱ्या थरात रानटी प्राणी आहेत: हत्ती, गेंडा, पाणघोडा, जिराफ आणि आता नामशेष झालेला लांब शिंगांचा प्रचंड रानरेडा. याच जुन्या काळाच्या आसपास गोल, चेहरा नसलेल्या डोक्यांच्या माणसांची चित्रं येतात. सेफार इथली अशी एक आकृती तीन मीटरच्या आसपास उंच आहे, हात वर केलेले, भोवती लहान माणसं. त्यानंतर येतात गायी, आणि येतात त्या कळपांनी. मग घोडे आणि रथ. शेवटी उंट, साधारण दोन हजार वर्षांपासून पुढे. टप्प्यांच्या सीमा काटेकोर नाहीत, काही टप्पे एकमेकांवर चढलेले आहेत आणि त्यावरून अभ्यासकांची भांडणंही आहेत. पण क्रमाची दिशा बघा. पाणघोड्याला बारमाही पाणी लागतं. गायीला रोजचं पाणी आणि चारा लागतो. उंटाला यातलं काहीच रोज लागत नाही.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ गायींच्या काळाला द्यावा. इहेरेन इथल्या चित्रात एक अख्खा तळ हलताना दिसतो. बैलांवर सामान लादलेलं आहे, त्यावर बायका बसल्या आहेत, सोबत मेंढरं. दुसरीकडे वासरं एका लांब दोरीला ओळीने बांधली आहेत. ज्याच्या घरी दुभतं जनावर आहे त्याला ही दोरी समजावून सांगावी लागत नाही: वासरू मोकळं सोडलं तर धार काढायला काही उरत नाही. एकेका गायीच्या अंगावरचे ठिपके, पट्टे, शिंगांची ठेवण वेगवेगळी काढली आहे. काढणाऱ्याला ‘गाय’ काढायची नव्हती, त्याला ती विशिष्ट गाय काढायची होती.

कोरीव कामात दोन आकृत्या विसरता येत नाहीत. तिन तागिर्त इथे एक हरीण झोपलेलं आहे, पाय पोटाशी दुमडलेले, मान मागे वळवून डोकं अंगावर टेकलेलं, आणि हे सगळं खोल, घासलेल्या रेघेत. दुसरी जागा जानेतच्या दक्षिणेला तेघारघार्त. सपाट मैदानातून वर आलेल्या एका कातळाच्या बुडाशी लांब शिंगांच्या गायी माना खाली घालून उभ्या आहेत. डोळ्याखाली थेंब कोरलेला. तिथले लोक यांना रडणाऱ्या गायी म्हणतात आणि गोष्ट सांगतात, की गुराखी कळप घेऊन पाण्यावर आला, पाणी आटलेलं होतं, गायी रडल्या आणि त्याने त्या कोरून ठेवल्या. गोष्ट नंतरची असेल. गायी पाणी पिण्यासाठी वाकल्या आहेत असंही त्यांच्याकडे बघून म्हणता येतं. पण कोरणाऱ्याने आपला दिवसच्या दिवस गुरं बघण्यात घालवला होता, याबद्दल मात्र शंका राहत नाही.

मग पाऊस गेला कुठे?

इथे थोडं खगोलशास्त्र लागतं, पण एका भोवऱ्यात काम भागेल. जोरात फिरणारा भोवरा जरा मंदावला की त्याचा वरचा दांडा सावकाश गोल घुमायला लागतो. पृथ्वीचा अक्षही असाच घुमतो, फक्त अतिशय संथपणे. याला परांचन म्हणतात आणि हा शब्द मी पुन्हा वापरणार नाही. हवामानाच्या हिशेबात या घुमण्याचा एक फेरा साधारण २१ ते २३ हजार वर्षांचा धरतात.

याने फरक काय पडतो? पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही, त्यामुळे वर्षात एकदा आपण सूर्याच्या जास्त जवळ असतो आणि एकदा जास्त लांब. सध्या सगळ्यात जवळ असतो ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात. अक्ष घुमतो तसा हा महिना सरकत जातो. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी हे उलटं होतं. तेव्हा उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असे, आणि इकडे पोचणारं उन्हाळ्यातलं ऊन आजच्यापेक्षा सात-आठ टक्क्यांनी जास्त होतं.

जास्त ऊन म्हणजे जास्त वाळवंट, असं वाटणं साहजिक आहे. होतं नेमकं उलट, आणि ते मराठी माणसाला सांगणं सोपं आहे, कारण आपला पाऊस याच यंत्रणेवर चालतो. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर आणि जास्त तापते. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते, तिथे दाब कमी होतो आणि समुद्रावरची ओली हवा आत ओढली जाते. हाच मोसमी पाऊस. जमीन जितकी तापेल तितकी ही ओढ जास्त आणि वारे तितके आतपर्यंत. आज पश्चिम आफ्रिकेचा मोसमी पाऊस अटलांटिकवरून येतो आणि सहाराच्या दक्षिण काठावर, साहेल पट्ट्यात संपतो. त्या काळी तो शेकडो किलोमीटर उत्तरेला पोचत होता. नुसतं कक्षेतल्या बदलाने मोसमी पाऊस किती वाढतो, हे अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जॉन कुट्झबाख यांनी १९८१ मध्ये गणिती प्रारूपातून दाखवलं आणि तिथून हा विषय अंदाजाच्या पातळीवरून हिशेबाच्या पातळीवर आला.

भारतातही त्याच काळात मोसमी पाऊस आजच्यापेक्षा जोरदार होता. अरबी समुद्राच्या तळातला गाळ आणि राजस्थानातल्या डिडवाना, लूणकरणसर यांसारख्या खारट तळ्यांचा चिखल दोन्ही हेच सांगतात: थरच्या वाळवंटातही कधीकाळी आजच्यापेक्षा जास्त पाणी होतं.

सहाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. पाऊस आला की गवत आलं. गवताळ जमीन उघड्या वाळूपेक्षा जास्त ऊन शोषते, पानांतून पाणी पुन्हा हवेत जातं, धूळ कमी उडते. यातून पाऊस आणखी वाढतो. ही साखळी वर जाताना जशी मदत करते तशीच खाली येताना नुकसानही करते. पाऊस थोडा कमी, गवत थोडं कमी, त्यामुळे पाऊस आणखी कमी. कक्षेतला बदल हळूहळू होतो, पण जमिनीवरचा परिणाम कधी कधी झपाट्याने का होतो, ते यामुळे समजतं.

चित्रांवर एवढा भरवसा ठेवायचा?

रास्त शंका आहे. कुणी जिराफ काढला म्हणजे जिराफ तिथेच होता असं नाही. लांब प्रवास करून आलेल्या माणसानेही काढला असेल, कथेतला प्राणीही असेल. शिवाय चित्रांचं वय काढणं फार अवघड आहे. कार्बन पद्धतीला कधीतरी जिवंत असलेला पदार्थ लागतो आणि गेरू तर निव्वळ खनिज. मग आडवळणाने जावं लागतं: रंगवलेल्या छपराचा तुकडा खाली पडून मातीत गाडला गेला असेल तर त्या थराचं वय काढायचं, किंवा जमिनीतल्या वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते मोजायचं. कोकणातल्या कातळशिल्पांची अडचण हीच आहे. रत्नागिरीच्या सड्यांवर गेंडा आणि पाणघोडा कोरलेले दिसतात, आज कोकणात दोन्ही नाहीत, आणि उघड्या जांभ्यावर कोरलेल्या रेघेला तारीख लावायला हाताशी काहीच नाही.

म्हणूनच हिरव्या सहाराची बाजू चित्रांवर उभी नाही. ती मुख्यतः चिखलावर उभी आहे. चाडचं सरोवर तेव्हा आजच्या अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं होतं, त्याचे जुने किनारे उपग्रहचित्रांत दिसतात. मॉरिटानियाच्या किनाऱ्याबाहेर समुद्रतळाचा गाळ काढला तेव्हा असं दिसलं, की साधारण १४,८०० वर्षांपूर्वी सहारातून उडून येणारी धूळ एकदम कमी झाली आणि ५,५०० वर्षांपूर्वी पुन्हा वाढली. भूमध्य समुद्राच्या तळाशी गाळाचे काळे थर आहेत. नाईलला मोठे पूर येत आणि गोडं पाणी समुद्रावर पसरे, त्या काळातले ते थर. त्यांची मोजदाद केली तर गेल्या ८० लाख वर्षांत असे हिरवे काळ दोनशेहून जास्त वेळा येऊन गेल्याचं दिसतं. म्हणजे आपण बोलतोय ते सगळ्यात अलीकडच्या एका फेऱ्याबद्दल.

मग चित्रांचं काम काय? पाऊस किती पडला ते चिखल सांगतो. त्या पावसात माणसं काय करत होती, ते चित्रं सांगतात.

ती माणसं कोण होती?

तासिलीला लागूनच, लिबियाच्या हद्दीत, आकाकुसचे डोंगर आहेत. तिथल्या ताकारकोरी नावाच्या निवाऱ्यात इटालियन पुरातत्त्वज्ञांनी वर्षानुवर्षं उत्खनन केलं. तिथली खापरं ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात तपासली गेली. मातीच्या भांड्याच्या भिंतीत स्निग्ध पदार्थ मुरतात आणि हजारो वर्षं टिकतात. त्या खापरांत सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या दुधाच्या चरबीचे अंश मिळाले. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. भांड्यात दूध होतं, कदाचित तापवलेलं, आटवलेलं किंवा विरजलेलं. भिंतीवर वासरांची दोरी आहे आणि मातीत दुधाचा अंश, आता चित्रकाराने कल्पना केली असं म्हणायला फारशी जागा राहत नाही.

गुरं पाळण्याआधीही ही माणसं काहीतरी करून बघत होती. आकाकुसमधल्याच वान आफुदा इथे रानमेंढ्यांच्या लेंड्यांचे जाड थर मिळाले आहेत. रानटी प्राणी स्वतःहून एका गुहेत एवढे दिवस थांबत नाहीत, तेव्हा माणसांनी ते कोंडून ठेवले होते आणि चारा घालत होते, असा अंदाज आहे.

मग एप्रिल २०२५ मध्ये बातमी आली ती डीएनएची. ताकारकोरीत पुरलेल्या दोन बायकांचे देह कोरड्या हवेमुळे आपोआप टिकले होते, वय पुन्हा सात हजार वर्षांच्या आसपास. उष्ण प्रदेशात डीएनए लवकर नष्ट होतो, त्यामुळे तो मिळणं हीच मोठी गोष्ट होती. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या चमूला दिसलं, की या बायकांचा वंश सहाराच्या दक्षिणेकडच्या लोकांपासून सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच वेगळा झाला होता आणि त्यांचं जवळचं नातं मोरोक्कोतल्या पंधरा हजार वर्षांपूर्वीच्या शिकारी लोकांशी होतं. सहारा हिरवा होता, वाट मोकळी होती, तरी या दोन बायकांच्या वंशात दक्षिणेकडून फारशी सरमिसळ झालेली नव्हती. आणि गुरं पाळण्याची कला बाहेरून आलेल्या मोठ्या लोंढ्यासोबत इथे आलेली नसावी. शेजाऱ्याकडे बघून शिकली गेली असावी. दोन देहांवरून फार पुढे जाऊ नये, पण आतापर्यंतचा अंदाज उलटा होता.

मेलेल्यांची काळजीही ही माणसं घेत होती. आकाकुसमधल्या वान मुहुजियाग इथे १९५८ मध्ये फाब्रित्सिओ मोरी यांना अडीच-तीन वर्षांच्या मुलाचा देह मिळाला, हरणाच्या कातड्यात गुंडाळलेला, गळ्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाची माळ, टिकून राहावा म्हणून आतले अवयव काढलेला. काळ सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा. तासिलीतल्या फादनून पठारावर त्यानंतरच्या काळातली दगडी थडगी आहेत, कुलपाच्या भोकाच्या आकाराची, रचलेल्या दगडांचं वर्तुळ आणि त्यातून निघणारी वाट. जमिनीवरून ती नीट कळत नाहीत, उपग्रहचित्रात आकार स्पष्ट दिसतो.

‘ती गोल डोकी परग्रहावरच्या लोकांची’ म्हणतात, ते?

या अफवेचं मूळ एका विनोदात आहे. फ्रेंच संशोधक आँरी लोत यांनी १९५६-५७ मध्ये चित्रकारांचा चमू नेऊन तासिलीतल्या शेकडो चित्रांच्या प्रती केल्या. जाबारेन इथल्या एका मोठ्या गोल डोक्याच्या आकृतीला त्यांनी गमतीने मंगळावरचा देव म्हटलं. पुढे परग्रहवासीयांवर पुस्तकं विकणाऱ्यांनी ती गंमत गंभीरपणे घेतली. मुखवटा घालून नाचणारी, अंगावर पांढरे पट्टे रंगवलेली माणसं आफ्रिकेत आणि आपल्याकडेही पुष्कळ दिसतात. त्यांना अवकाशयान लागत नाही. यावर याहून जास्त शाई खर्च करू नये.

गुरांनीच रान खाल्लं आणि वाळवंट झालं?

हा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि तज्ज्ञांमध्येही त्यावर एकमत नाही. २०१७ मध्ये असा एक विचार मांडला गेला, की पाऊस कमी होत असताना कळपांनी गवत संपवलं आणि ती घसरणारी साखळी आणखी जोराने घसरली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने उलट दावा केला: फिरते पशुपालक एका जागी थांबत नव्हते, त्यामुळे कुरणांना उसंत मिळत होती आणि वाळवंट होणं उलट काही शतकं लांबलं. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण आज साहेलमध्ये फिरती गुरं ठेवणारे समाज हेच करतात. पण पाऊस मुळात मागे हटला तो कक्षेमुळे. त्यात गुरांचा दोष नाही.

वाळवंट किती वेगाने झालं, यावरही वाद आहे. मॉरिटानियाबाहेरची धूळ सांगते, दोन-तीन शतकांत. चाडच्या उत्तरेला योआ नावाच्या तळ्यातला गाळ सांगतो, हळूहळू, हजारो वर्षांत. दोन्ही बरोबर असू शकतं. डोंगर सगळ्यात शेवटी कोरडे पडले, कारण उंचीवर थोडा पाऊस पडत राहतो आणि वालुकाश्म पाणी धरून ठेवतो. खालची कुरणं गेली तेव्हा लोक वर सरकले, काही दक्षिणेला गेले, काही नाईलच्या काठी. तासिलीत इतकी चित्रं का, याच्या उत्तराचा एक भाग हाही असावा.

निसर्ग स्वतःच एवढा बदलतो, मग आताची ओरड कशाला?

आता त्या फॉरवर्डकडे वळू. कक्षेमुळे होणारा बदल सहारासाठी काही हजार वर्षांच्या हिशेबाने चालतो, आणि तो कधी कुठल्या दिशेने जाणार हे आधी मोजता येतं. त्या हिशेबाने उत्तर गोलार्धाचा उन्हाळा आणि सूर्याजवळची जागा पुन्हा जुळायला अजून दहा हजार वर्षांच्या आसपास आहेत. म्हणजे इरिकी तळ्याला कक्षेने भरलेलं नाही. ते भरलं एका वादळी पावसाने, अटलांटिकवर तयार झालेल्या, तापलेल्या हवेतून जास्त बाष्प उचललेल्या वादळाच्या पावसाने. आजची तापमानवाढ दीड-दोनशे वर्षांतली आहे आणि तिचं कारण कक्षेत सापडत नाही. हवेत सोडलेल्या वायूंमध्ये सापडतं. पूर्वी आजार आपोआप बरा झाला होता म्हणून आताही डॉक्टर नको, असा हा युक्तिवाद आहे.

साहेलमध्ये पाऊस वाढेल का, यावर हवामान प्रारूपांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. काही वाढ दाखवतात, काही घट. जुना हिरवा सहारा त्यांच्याकडून नीट उभा करून घेणं हीच त्यांची परीक्षा असते, आणि बरीच प्रारूपं अजून त्यात पाऊस कमी पाडतात. तासिलीतल्या गायींशी त्यांचं गणित अजून पुरतं जमलेलं नाही.

चित्रं आज कशी आहेत?

काही खराब, आणि त्यातला बराचसा दोष आपल्या काळाचा. लोत यांच्या चमूने रंग उठून दिसावेत म्हणून चित्रं ओल्या स्पंजने पुसली. प्रती छान उतरल्या, पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन गाजलं, पण मूळ रंग फिके पडले. त्यांच्यामागून आलेल्या पर्यटकांनीही फोटोसाठी पाणी मारलं. वर त्या प्रतींमधल्या काही आकृत्या, इजिप्तच्या धाटणीच्या, चमूतल्यांनीच खोडसाळपणे घुसडल्या होत्या. त्यांना चित्रांपर्यंत नेणारा माणूस होता इथल्या तुआरेग जमातीतला वाटाड्या जेब्रीन आग मोहम्मद. ‘शोध’ लोत यांच्या नावावर लागला, पण तुआरेगांना त्या जागा ठाऊकच होत्या. जुन्या चित्रांशेजारी त्यांच्या तिफिनाग लिपीतल्या ओळीही कोरलेल्या आहेत, आणि जानेतमध्ये दरवर्षी आशुराला, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवशी, होणारा त्यांचा सेबीबा हा नाचाचा सोहळा २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

हल्ली पाण्याची गरजच नाही. साध्या डिजिटल फोटोतले रंग संगणकावर ताणून डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा वर आणणारी डीस्ट्रेच नावाची प्रणाली आहे, आणि जगभरचे गुहाचित्रांचे अभ्यासक ती वापरतात. पठारावर अजूनही पायीच चढावं लागतं, सामान गाढवांवर जातं आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावाच लागतो. चित्राला हात लावू देत नाहीत, ओलं करू देत नाहीत. वाटाड्या आधी सावली कुठल्या बाजूला आहे ते बघतो, कारण भर उन्हात लाल खडकावरची लाल गाय दिसतच नाही.